सहा डबे

जलजाक्षीच्या पोलक्याचे हूक रोज सकाळी तिचा नवरा लावतो, ही गोष्ट त्या कार्तिकापर्यंत आमच्या हुणसेकोप्पात चौघांनाच ठाऊक होती. एक ती, एक तिचा नवरा लोकप्पा, एक तिची सासू आणि चौथी मी. मी गावची आशा. बाळंतिणींना दवाखान्यात पोचवायचं, पोरांना डोस पाजायला न्यायचं, तापाच्या गोळ्या वाटायच्या, ही माझी कामं. त्यामुळे कुणाच्याही घरात मागच्या दारानं शिरायची मला खोड लागली आहे. त्या सकाळीही तशीच शिरले, तर लोकप्पा चुलीपाशी तिच्यासमोर वाकून उभा होता. पोफळीवर चढून चढून त्याची बोटं जाड झालेली, हूक काही केल्या सापडत नव्हता. मला बघून तो चटका बसल्यागत मागं सरला.

"वेणक्का, खोकत तरी येत जा की!"

"खोकले असते तर आणखी दचकला असतास. लाव ते शेवटचं."

त्यानं लावलं नाही. खुंटीवरचा दोर खांद्यावर टाकला आणि बागेकडे चालता झाला. हूक मीच लावला. जलजा भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही मुठी मांडीवर ठेवलेल्या. तिनं त्या मिटल्या नव्हत्या, त्या उघडत नव्हत्या. बोटांची मुळं सुजून चकाकत होती आणि मनगटावर हात ठेवला तर ताप आल्यासारखं ऊन लागत होतं. छत्तीस वर्षांची बाई. तिचा मुलगा तालुक्याला वसतिगृहात राहून शिकतो. दोन वर्षांपूर्वी हीच गावात सगळ्यांत झपाझप सुपारी सोलायची.

"ऊन मांडवाच्या खांबाला लागलं की हिची बोटं उठतात," तिची सासू गुत्यम्मा पेजेचं भांडं उतरवत म्हणाली. "आमच्याकडे आधी कोंबडा उठतो, मग मी, मग म्हैस. सगळ्यात शेवटी सूनबाईची बोटं."

"अत्ते, म्हशीच्या आधी तरी धरा मला," जलजा म्हणाली. दोघी हसल्या. हसता हसता सासूनं पेजेचं वाटगं उचललं आणि तिच्या ओठांना लावलं. हे रोजचंच होतं, म्हणून कुणालाच त्यात काही वाटत नव्हतं. मला मात्र ते बघवेना.

मी पदरातली चिठ्ठी काढली. "एक्केचाळीसावा नंबर लागलाय. या रविवारचा नाही, पुढचा रविवार, मार्गशीर्ष लागल्यावरचा. जिल्ह्याच्या गावी, धर्मादाय दवाखान्यात. सांध्यांचा डॉक्टर येणार आहे."

चिठ्ठी साधी दिसत असेल, पण ती मिळवायला मी तीन वेळा फोन करून आणि एकदा स्वतः जाऊन रांगेत उभी राहिले होते. हाडाचे डॉक्टर तालुक्यालाही आहेत. जलजानं तिघांना दाखवून पाहिलं होतं. एकानं गुडघ्यात सुई दिली, दुसऱ्यानं रक्त तपासून युरिक ॲसिड नाही म्हणून सांगितलं आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यानं 'तापानंतर राहतं असं, जाईल' म्हटलं. उन्हाळ्यात आमच्या आरोग्य केंद्रात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मात्र तिचे हात बराच वेळ हातात धरले आणि मला बाजूला घेतलं. "नागवेणी, हे नुसतं वाताचं दुखणं नाही. हिचं शरीरच हिचे सांधे खातंय. वेळेत औषध सुरू झालं तर बोटं वाचतील. एकदा वाकली की वाकली. पण ते औषध मी देऊ शकत नाही, त्याचा डॉक्टर वेगळा असतो." तो वेगळा डॉक्टर आमच्या बाजूला नव्हताच. समुद्राकडच्या शहरातून घाट चढून दोन महिन्यांतून एका रविवारी यायचा. पावसाळ्यात डॉक्टरीणबाईंची बदली झाली. तेव्हापासून केंद्रातली खुर्ची रिकामी आहे, तिच्यावर आता मांजर झोपतं.

"पुढचा रविवार?" जलजानं विचारलं. "शनिवारी आपल्या अंगणातली सोलणी आहे ना, अत्ते?"

"शनिवारी सोलणी आणि रविवारी डॉक्टर. त्यात काय अडलं?" मी म्हणाले. "एक मात्र ऐक. तोवर रुद्रय्याची पुडी घ्यायची नाही. डॉक्टरला सूज दिसली पाहिजे. पुडी घेतलीस तर सूज दडून बसेल."

रुद्रय्या दर बुधवारी बाजारात वडाखाली बसायचा. तपकिरी पुडीत मध्येच पांढरे कण चमकायचे. झाडपाल्याची आहे म्हणायचा. जलजानं ती वर्षभर अधूनमधून घेतली होती आणि खोटं कशाला बोलू, पुडी पोटात गेली की दुसऱ्या दिवशी बोटं मोकळी व्हायची. तिचा चेहरा गोल गरगरीत झाला तेव्हा बायका म्हणाल्या, माहेरचं लोणी मानवलं. तालुक्याच्या साहेबांनी मात्र महिन्याच्या बैठकीत आम्हा सगळ्या आशांना उभं करून झापलं होतं. पुडीत स्टेरॉइड घालतात, त्यानंच चेहरे असे फुगतात, ठाऊक आहे का? ज्या गावात पुडी सापडेल त्या गावच्या आशेचं नाव मी लिहून ठेवणार. तेव्हापासून मला पुडीची धास्ती होती. जलजासाठी होती त्यापेक्षा थोडी माझ्यासाठीच जास्त होती, हे आज कबूल करते.

तिनं पुडी बंद केली. पुढचे आठ दिवस मी रोज जाऊन बघत होते. सूज रोज वाढत गेली आणि मला, देवा क्षमा कर, बरंच वाटत होतं.

गुरुवारी देवीरम्माच्या अंगणात सोलणी होती. आमच्याकडे सुपारीची सोलणी सावडीवर चालते. आठ घरं. आज तुझ्या अंगणात सगळ्या बसल्या, उद्या माझ्या. कोवळी सुपारी झाडावरून उतरली की पडून राहू देऊन चालत नाही. सोलायची, कढवायची, वाळत घालायची, नाहीतर रंग जातो. प्रत्येकीनं आपली विळी घेऊन यायचं. लाकडी पाटावर पाय दुमडून बसायचं, सुपारी दोन्ही हातांनी पात्यावर दाबायची, एक हिसका, दुसरा हिसका, साल बाजूला आणि गर डब्यात. दिवसाला चार डबे भरले तर बाई चांगली. जलजा पाच भरायची, कधी सहा.

त्या दिवशी तिच्यानं सुपारी धरवत नव्हती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटतच नव्हती. ती तळव्यांमध्ये सुपारी दाबून पात्यावर न्यायची, सुपारी निसटायची, शेजारणीच्या मांडीवर जाऊन पडायची. शेजारीण ती मुकाट्यानं परत द्यायची. दोनदा तळवा कापला. तिनं जखमेवर सुपारीच्या सालीचा रस चोळला आणि पुन्हा बसली. दुपारी जेवायला उठताना मी पाहिलं, देवीरम्मानं कुणाचं लक्ष नाही असं बघून आपल्या डब्यातल्या तीन ओंजळी जलजाच्या डब्यात टाकल्या. जलजानंही ते पाहिलं.

"देवीरक्का, काढून घे ते," ती म्हणाली.

"राहू दे गं. आजारी माणूस तू."

"काढून घे म्हणते ना."

देवीरम्मा काही वाईट बाई नाही. पण चांगुलपणा परत केला की तिचा पारा चढतो. "बरं बाई, काढते. पण मग शनिवारचं कसं करायचं ते आत्ताच ठरवा. आम्ही सगळ्या येऊ तुझ्या अंगणात, सावड चुकवणार नाही. पण पहिल्या विळीवर कोण बसणार? घरची बाई पहिली सुपारी सोलते आणि शेवटची सुपारी सोलल्याशिवाय उठत नाही. गंमत म्हणून नाही बसत आपण. घरचीच उठली तर बाकीच्यांनी कशाला बसायचं?"

"मी बसेन," जलजा म्हणाली.

"या हातांनी?"

"माझे हात आहेत, मी बघेन."

 घरी परतताना वाटेत ओढ्याशी बसून तिनं हात पाण्यात बुडवले. मी म्हणाले, शनिवारी मी बसते पहिल्या विळीवर. ती म्हणाली, "तू घरची आहेस का?" त्यात राग नव्हता, होतं ते सांगत होती.

शनिवारी मला लसीकरणाचं काम होतं. तिच्या अंगणात पोचायला दहा वाजून गेले. मांडवाखाली आठ विळ्या मांडलेल्या, मधोमध हिरव्या सुपारीचा ढीग, कडेला चुलवणावर कढाई. आणि पहिल्या विळीवर जलजा. हात चालत होते. नुसते चालत नव्हते, जुन्या जलजासारखे चालत होते. एक हिसका, दुसरा हिसका. साली तिच्या गुडघ्याएवढ्या चढल्या होत्या. बायका गाण्यातल्या ओळी एकमेकींवर फेकत होत्या आणि गुत्यम्मा कढाई ढवळता ढवळता सुनेकडे बघून मिश्कील हसत होती.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "घेतलीस?"

"काल दोन, आज पहाटे दोन," ती हळूच म्हणाली. "वेणक्का, ओरडू नकोस. एकाच दिवसाचं आहे."

"उद्या डॉक्टर आहे, जलजा!"

"उद्या जाऊच की. बसमध्ये दांडी धरता तरी येईल."

मी ओरडायला हवं होतं. तिचे हात धरून तिला तिथून उठवायला हवं होतं. पण दोन वर्षांनी ती अशी मोकळी हसत होती, लोकप्पा झाडावरून हाक मारून 'आता किती झाले' विचारत होता आणि ती 'चार!' म्हणून ओरडत होती. मलाही ते आवडलं. संध्याकाळी ढीग संपला तेव्हा तिचे सहा डबे भरले होते. देवीरम्मानं स्वतःचे चार बघितले, तिचे सहा बघितले. "आम्हालाच फसवत होतीस काय गं?" असं म्हणून तिच्या पाठीत धपाटा घातला. सगळ्या हसल्या. जलजा सगळ्यात मोठ्यानं हसली.

रविवारी आम्ही पहिली बस धरली. लोकप्पाला सुपारी वाळत घालायची होती, म्हणून आम्ही दोघीच. तिनं नवीन साडी नेसली होती आणि पोलक्याचे हूक स्वतः लावले होते. ते तिनं मला दोनदा सांगितलं. डॉक्टरसाठी म्हणून गुत्यम्मानं केळीच्या पानात बांधून कैरीचं लोणचं दिलं होतं.

दवाखान्याच्या आवारात माणसांची जत्रा. काठ्या, चाकाच्या खुर्च्या, नवऱ्यांच्या पाठीवर बसलेल्या बायका. एक बाई तर फळीवर आडवी घालून आणलेली. पाच-पाच तालुक्यांची माणसं त्या एका रविवारची वाट बघत बसलेली. एक्केचाळीस नंबर म्हणजे आपली पाळी लवकर, या भ्रमात मी होते. पण नंबराच्या आधी चाळणी होती. दाराशी टेबल टाकून एक पोरगेला डॉक्टर बसला होता. सांध्याला सूज असेल त्यांना आत मोठ्या डॉक्टरकडे, बाकीच्यांना तीन नंबरच्या टेबलावर. मोठ्या डॉक्टरला चार वाजता परत घाट उतरायचा होता. तोवर साठ माणसं होणार आणि आली होती अडीचशे.

"काय होतं?" पोरगेल्या डॉक्टरनं विचारलं.

"हात धरतात सकाळी," जलजा म्हणाली.

त्यानं तिची बोटं एकेक करून दाबली. मनगटं वळवून पाहिली. रात्रभर जागा असावा, डोळे लाल होते, पण हात हळू होता. "दुखतं?"

"आज फारसं नाही."

मी तिला कोपरानं ढोसलं. "साहेब, रोज अशी नसतात हो. एरवी मुठी उघडत नाहीत तिच्या. सासू भरवते."

"आज तर उघडतायत. काम होतं या हातांनी?"

आणि जलजाची मान ताठ झाली. दोन वर्षं जिच्या डब्यात लोक दयेनं ओंजळी टाकत होते, तिला कुणीतरी हे विचारलं होतं. "होतं की. काल सहा डबे सोलले."

"कसले डबे?"

"सुपारीचे. चार डब्यांच्या वर सोलणारी गावात दुसरी बाई नाही, साहेब."

तो हसला. चांगलं हसला, टिंगल नाही. सुपारीच्या रसानं काळी पडलेली तिची बोटं त्यानं बघितली, मग तिच्या गोल चेहऱ्याकडे जरा थांबून बघितलं. हातातलं पेन खाली ठेवलं. "गावठी औषध, पुडी, काळी गोळी, असलं काही घेता का?"

जलजानं माझ्याकडे पाहिलं.

आमच्याकडे डॉक्टरनं पुडीबद्दल विचारलं की शेंबडं पोरही नाही म्हणतं. हो म्हटलं की बोलणी बसतात आणि औषध मिळायचं राहून जातं, असा सगळ्यांचा समज. पण माझ्या गळ्यात आशेची पट्टी होती, पट्टीवर गावाचं नाव होतं, आणि शेजारच्या टेबलावर तालुक्याच्या कचेरीतला एक माणूस रजिस्टर उघडून बसला होता. ती माझ्याकडे बघत होती, कारण दवाखान्यात काय बोलायचं ते मीच ठरवायचे.

"नाही," मी म्हणाले.

जलजानंही मान हलवली. "नाही, साहेब."

त्यानं पेन उचललं. कागदावर काहीतरी लिहिलं आणि आम्हाला तीन नंबरच्या टेबलाकडे हात केला.

तिथं रांगेत बसल्या बसल्या आतल्या खोलीचं दार उघडं दिसत होतं. टक्कल पडलेला, साधाच माणूस. एका म्हातारीचे दोन्ही हात स्वतःच्या हातात घेऊन एकेक सांधा दाबत होता, आणि डोळे मिटलेले. "बघ गं," जलजा म्हणाली, "डोळे मिटून बघतो तो." आमच्यात आणि त्याच्यात वीस पावलं असतील. मी उठले. खरंच उठले. जाऊन सांगायचं, साहेब, चूक झाली, हिनं चार पुड्या घेतल्यात. दारातला शिपाई म्हणाला, "नंबर?" मी म्हणाले, तीन नंबरचं टेबल. "मग तिकडे बसा." मी बसले. माझी गोष्ट एवढीच आहे. मी बसले.

कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या. लोणचं त्या शिपायाला दिलं.

परतीच्या बसमध्ये जलजा खिडकीशी बसली आणि वारा लागून तिचे डोळे पाणावले. "मोठा रोग नाही म्हणजे," ती म्हणाली. "उगाच घाबरवलंस मला." घरी गुत्यम्मानं देवापुढं गूळ ठेवला आणि शेजारीपाजारी वाटला. मलाही दिला. मी खाल्ला.

पुढच्याच बुधवारी वडाखाली रुद्रय्या नव्हता. शेजारच्या तालुक्यात त्याच्या पुडीनं कुणी रक्त ओकलं म्हणे. तो जो नाहीसा झाला तो पुन्हा दिसला नाही. जलजाच्या पुड्या आठ दिवसांत संपल्या. नवव्या दिवशी ती उठली नाही.

आधीचं दुखणं परवडलं असं झालं. हात, कोपरं, खांदे, पावलांचे तळवे. चादरीचा भार सोसेना. कुणी खोलीत चाललं तरी जमीन हलते म्हणून ओरडायची. लोकप्पा तिला दोन्ही हातांवर उचलून परसात न्यायचा आणि तोंड फिरवून उभा राहायचा. तिला स्वच्छ करायचं काम गुत्यम्माचं. सत्तर वर्षांची बाई तांब्या घेऊन खाली बसायची आणि सून ओक्साबोक्शी रडायची.

"रडतेस कशाला?" म्हातारी म्हणायची. "तुझ्या नवऱ्याचं मीच धुतलंय. तो तर लाथा मारायचा."

मी तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं सुया दिल्या, चार दिवस ठेवलं, आणि कागदावर लिहून दिलं की सांध्यांच्या डॉक्टरला दाखवा. माघातल्या रविवारची चिठ्ठी काढली. आदल्या दिवशी फोन आला की डॉक्टर या खेपेला येत नाहीत, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी फोन कुणी उचललाच नाही. ती बोटं त्या चार महिन्यांत माझ्या डोळ्यांदेखत वाकली. आधी करंगळी बाहेरच्या बाजूला गेली, मग बाकीची तिच्या मागं. पहाटे तेलानं चोळून सरळ करायला लोकप्पा धडपडायचा. तिचा ओरडा आमच्या घरापर्यंत यायचा.

चैत्रात लोकप्पा म्हणाला, "तो येत नसेल तर आपण जाऊ." तीन बस बदलून, घाट उतरून आम्ही समुद्राकडच्या शहरात गेलो. लोकप्पानं तिला पाठीवर घेतलं होतं. उकाडा असा की अंगातला जीव वितळावा. दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी लागली. तोच टकला माणूस. त्यानं तिचे हात घेतले आणि डोळे मिटले. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. फार वेळ गेला.

"किती दिवस आहे हे?"

"दोन वर्षं झाली, साहेब," लोकप्पा म्हणाला. "अडीच होतील."

"आणि आत्ता आणता?" त्याचा आवाज चढला. "मी वर येतो ना तुमच्याकडे? मार्गशीर्षात आलो होतो की!"

"आम्ही आलो होतो तिथं," जलजा म्हणाली. "तुम्ही एका म्हातारीला बघत होता. हिरव्या लुगड्याची."

 लोकप्पानं जुने कागद पुढं केले. त्यानं ते दोनदा वाचले. "इथं लिहिलंय, सूज नाही, काम करू शकते. चेहऱ्यावरून संशय, गावठी औषध विचारलं. घेत नाही." मग जलजाकडे बघून, "घेत नव्हतीस?"

खोलीत पंखा फिरत होता. जलजा पंख्याकडे बघत होती. ती बोलली नसती. तिनं मला सांभाळून घेतलं असतं, हे मला ठाऊक होतं, आणि तेच सोसवेना.

"घेत होती, साहेब," मी म्हणाले. "चार पुड्या घेतल्या होत्या. तुमच्या माणसानं विचारलं तेव्हा नाही म्हणाले ती मी. माझ्या नोकरीच्या भीतीनं म्हणाले."

लोकप्पानं माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं मारेल, आणि मारावं असंही वाटलं. त्यानं जलजाच्या खांद्यावरचा पदर नीट केला. डॉक्टरही रागावला नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कपाळ चोळत बसला. "तो पोरगा माझाच विद्यार्थी," तो म्हणाला. "एका माणसाला दोन मिनिटं. मी असतो तर कदाचित... कुणी सांगावं." मग त्यानं कागद ओढला. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या, रक्त कधी तपासायचं ते सांगितलं. हा रोग आता इथं थांबेल, म्हणाला. दुखणं खूप कमी होईल, चालशील, फिरशील.

"आणि हे?" जलजानं हात वर केले.

"ते आता असंच राहणार."

तिनं हात परत मांडीवर ठेवले. "मार्गशीर्षात सरळ होते," ती म्हणाली. 

गोळ्यांनी गुण आला. दोन-तीन महिन्यांत ती चालायला लागली, चादर सोसायला लागली, हसायलाही. त्या साऱ्या महिन्यांत त्या गोष्टीबद्दल ती मला एका शब्दानं बोलली नाही. लोकप्पा समोर दिसला की नमस्कार करायचा, पूर्वीसारखं 'खोकत ये' म्हणायचा नाही. मीच मागच्या दारानं जायचं सोडलं.

पुन्हा कार्तिक आला. तिच्या अंगणात सोलणी ठरली. मांडवाखाली आठ विळ्या मांडल्या. बायका आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या, पण बसेना कुणी. पहिल्या विळीचा पाट रिकामा होता. देवीरम्मा पदराशी चाळा करत म्हणाली, "गुत्यम्मा, तुम्ही बसा की. तुम्हीही घरच्याच."

म्हातारी गुडघ्यावर हात देत पुढं झाली. तेवढ्यात जलजा घरातून आली. तिनं ढिगातली एक सुपारी दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून उचलली. पाटावर बसली. मनगटांनीच सुपारी पात्यावर दाबली. साल अर्धवट फाटली आणि तिथंच अडकली. तिनं पुन्हा दाबलं. निघेना. आम्ही सगळ्या बघत होतो. शेवटी तिनं दातांनी साल ओढून काढली, गर डब्यात टाकला आणि तोंडातला तुरट रस थुंकून उठली.

"झाली पहिली," ती म्हणाली. "वेणक्का, इकडे ये. माझ्या जागेवर बस."

"मी?"

"शेवटची सोलल्याशिवाय उठायचं नाही." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "माझे सहा डबे होतात. ठाऊक आहे ना?"

मी बसले. सुपारी सोलणं मला कधीच नीट जमलं नाही. पहिल्याच डब्यात अंगठा कापला. रक्त बघून तिनं चुलवणाशेजारचं फडकं उचलायला हात घातला, पण बोटांनी ते पकडेना. मग तिनं ते मनगटानं जमिनीवरून ढकलत माझ्यापर्यंत आणलं.

"बांध आणि चालू कर," ती म्हणाली.

ऊन उतरेपर्यंत बाकीच्यांचा ढीग संपला. बायका विळ्या उचलून, मान खाली घालून एकेक करत घरी गेल्या. माझे साडेतीन डबे झाले होते. जलजा कढाईपाशी बसून मनगटांत धरलेलं लाकूड चुलवणात आत सारत होती. माझ्यासमोर तिच्या वाटणीची सुपारी अजून गुडघाभर होती. मी पुढची सुपारी उचलली.